उंदीरगडावरचा नमुना

“हे तुम्ही,” असं म्हणून डॉक्टर तांबोळींनी काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं, तेव्हा हेरंब खांबेट्यांनी सवयीप्रमाणे आधी पेटीला सील आहे का ते पाहिलं. सील होतं. तारीख होती. क्रमांकही होता, एकवीस. मगच त्यांनी आत पाहिलं. आत एक पांढरा उंदीर मागच्या दोन पायांवर बसून एका दाण्याची तपासणी करत होता. त्याने दाणा हुंगला, फिरवला, पुन्हा हुंगला, जरासा कुरतडला आणि उरलेला बाजूला ठेवून दिला.

“मीच आहे,” हेरंबराव म्हणाले.

“उरलेला बाजूला ठेवला म्हणजे शंकाच नको,” वृंदाताई म्हणाल्या. वृंदाताई त्यांच्या पत्नी.

साताऱ्याला गडांची उणीव कधीच नव्हती. त्यात हा शेवटचा गड माणसांनी उंदरांसाठी बांधला. यवतेश्वराचा घाट चढून गेलं की जिथे पठार सुरू होतं आणि ढग रस्त्यावर बसून राहतात, तिथे ही पांढरी लांबट इमारत आहे. तिचं सरकारी नाव सव्वा ओळीचं असल्यामुळे लोक तिला उंदीरगड म्हणतात. खालून वर यायला रिक्षा मिळते. रिक्षा आता माणसाशिवाय आपली आपण चालतात, पण जवळचं भाडं नाकारायची विद्या त्यांनी मूळ माणसांकडून शिकून घेतलेली आहे.

हेरंबराव बत्तीस वर्षं अन्नभेसळ निरीक्षक होते. दुधातलं पाणी, हळदीतला रंग आणि तुपातलं तूप सोडून बाकी सगळं त्यांच्या नाकाखालून गेलेलं. हल्ली ते काम दुकानाच्या दारातलं यंत्र करतं आणि दुकानदार त्या यंत्राच्या नाकात कापूस घालतात. पण तो वेगळा विषय. नोकरीने हेरंबरावांना दोन सवयी लावल्या. पहिली म्हणजे उष्ट्याचा तिटकारा. पाणी वरून प्यायचं, फुलपात्रावर नाव कोरलेलं, लग्नाकार्यातसुद्धा खिशात स्वतःचा चमचा. दुसरी सवय म्हणजे ताट कधी संपवायचं नाही. पोळीचा चतकोर, भाजीची एक फोड, दोन घास भात, असं सगळ्यातलं थोडं थोडं ठेवून ते उठत. उद्या तक्रार झाली तर तपासायला काही शिल्लक नको का? लग्नानंतरच्या पहिल्याच दिवशी नव्या नवरीने ताट उचलायला हात पुढे केला, तेव्हा कचेरीतलं वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं होतं, “हात लावू नका, नमुना आहे.” मग ते स्वतःच हसले. पुढची छत्तीस वर्षं ते हाच विनोद करत होते. वृंदाताई पहिल्यांदा हसल्या होत्या.

आता सहासष्टाव्या वर्षी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला होता. आठवड्यातून तीनदा रक्त यंत्रातून धुऊन घ्यायचं. त्या धुण्याने हाताची शीर थकली होती, आणि डॉक्टरांच्या हिशेबाने ती जेमतेम वर्षभर टिकणार होती. मूलबाळ नाही, भाऊबहीण नाही. वृंदाताईंचा रक्तगट जुळला. कुणी विचारायच्या आधीच त्या “माझी घ्या” म्हणाल्या होत्या. शेजारी पाहुणे आले की आपण खुर्च्या देतो, तितक्या सहज.

पण खुर्ची देणं वेगळं आणि त्या घराने ती ठेवून घेणं वेगळं.

डॉक्टर तांबोळींनी ते पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. माणसाच्या रक्तात पहारेकरी असतात. शरीरात जे दिसेल त्याला ते एकच प्रश्न विचारतात, आपला की परका? परका असला की संपवतात. दुसऱ्याची किडनी बसवायची तर एरवी औषधं देऊन या पहारेकऱ्यांना जन्मभर गुंगीत ठेवतात. हेरंबरावांच्या बाबतीत ते शक्य नव्हतं. लहानपणी झालेला क्षय त्यांच्या फुप्फुसात कोपरा धरून झोपला होता, आणि पहारेकरी झोपले की तो उठून बसला असता.

म्हणून उंदीर. या उंदरांच्या जनुकांत असा फेरफार केलेला असतो, की त्यांना स्वतःचे पहारेकरी निपजतच नाहीत. अशा रिकाम्या चौकीत माणसाच्या मज्जेतल्या मूळ पेशी सोडतात. काही आठवड्यांत उंदराच्या हाडांत माणसाचं सैन्य तयार होतं. मात्र नुसतं सैन्य नवशिकं असतं, त्याला त्या माणसाच्या आठवणी नसतात. त्यासाठी त्याच माणसाच्या रक्तातल्या जुन्याजाणत्या पेशीही सोबत देतात. इतकं केलं की उंदीर दिसायला उंदीर, पण आपलं-परकं करण्यात थेट तो माणूस. त्याच्या पाठीवर वृंदाताईंच्या त्वचेचा तांदळाएवढा तुकडा लावायचा आणि पंधरा दिवस हलकं औषध देऊन वाट पाहायची. तुकडा गुलाबी राहिला तर शस्त्रक्रिया. काळा पडला तर नाही.

“दर तीन जोडप्यांत एकाचं जमतं, काका,” डॉक्टर म्हणाल्या.

“पत्रिकेपेक्षा बरं प्रमाण आहे,” हेरंबराव म्हणाले.

त्या पंधरा दिवसांत हेरंबरावांना एकविसाचा लळा लागला. रक्त धुताना मशीनच्या घरघरीत त्यांचे डोळे मिटत, आणि मिटल्या डोळ्यांआड लाकडाचा भुसा येई, मऊ, ऊबदार, कोरड्या गवताच्या वासाचा. पाठीवर कुठेतरी तांदळाएवढी जागा खाजे. जाग आल्यावर क्षणभर त्यांना आपल्या मिशांची लांबी कमी वाटे. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. निवृत्त निरीक्षकाने सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना पेटीपाशी नेलं. एकविसाच्या पाठीवर काळा ठिपका होता. जळक्या पापडाच्या तुकड्यासारखा.

डॉक्टर बऱ्याच हळुवारपणे बोलल्या. हेरंबरावांना त्यातलं एवढंच कळलं, की त्यांच्या पहारेकऱ्यांनी वृंदाताईंना ओळखलं नव्हतं. नुसतं ओळखलं नाही असंही नव्हे. दारातच मारलं होतं.

परतताना घाटात ढग उतरले होते. रिक्षा आपली आपण वळणं घेत होती आणि दर वळणावर नम्रपणे “धरून बसा” म्हणत होती. वृंदाताई बाहेर बघत होत्या. बाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

“छत्तीस वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, तुमचं ते वरवरचं आहे. आत तरी ओळख असेल.”

हेरंबरावांनी सांगायचा प्रयत्न केला, की हे पेशींचं असतं, यात माणसाचा दोष नसतो. रिक्षा म्हणाली, “धरून बसा.”

चार दिवसांनी डॉक्टर तांबोळींचा फोन आला. दोघांनी ताबडतोब वर यावं. घडलं ते असं.

वृंदाताईंचाही एक उंदीर होता, बावीस नंबरचा. किडनी देणाऱ्याच्या अंगात काही लपलेलं दुखणं नाही ना, एवढं पाहण्यापुरता तो केलेला. त्याच्या पाठीवर काही लावायचं नव्हतं. पण उंदरांची सगळी व्यवस्था बघणाऱ्या जगदाळेबाई मूळच्या परळीच्या खोऱ्यातल्या. वीस वर्षं त्या हे काम चोख करत होत्या. वृंदाताईंच्या त्वचेचा तुकडा बाविसाच्या खोलीतून एकविसाच्या खोलीत काचेच्या वाटीतून आला. तो लावून झाला. वाटी परत पाठवायची होती. आणि वाटी रिकामी परत पाठवायची नसते, हे जगदाळेबाईंना त्यांच्या आईने, तिला तिच्या आईने शिकवलेलं. घरी असत्या तर त्यांनी चिमूटभर साखर घातली असती. इथे हेरंबरावांच्या त्वचेचा तुलनेसाठी घेतलेला एक दाणा उरला होता. तो त्यांनी वाटीत घातला, बाविसाच्या खोलीत नेला आणि नेलाच आहे तर म्हणून त्याच्या पाठीवर नीट लावूनही टाकला. नोंद करायला तेवढ्या विसरल्या.

“शेजारधर्म हो,” डॉक्टरांनी आधीच पुरेसं झापलेल्या जगदाळेबाई हेरंबरावांना म्हणाल्या. “तिकडनं काय आलं, तर इकडनं काय गेलंच पायजे की. वैनींची वाटी रिकामी कशी धाडायची, साहेब?”

बाविसाच्या पाठीवर हेरंबराव गुलाबी होते. कुठल्याही औषधाशिवाय, तीन आठवडे. नुसते गुलाबी नव्हते, तर त्या तांदळाएवढ्या जागेतून एक करडा केस उगवला होता. हेरंबरावांच्या कानावर असतो तसा.

म्हणजे तिच्या शरीराने त्यांना आपला म्हणून घरात घेतलं होतं, आणि त्यांच्या शरीराने तिला दारात मारलं होतं. डॉक्टर तांबोळी दोन दिवस झोपल्या नव्हत्या. त्यांनी वृंदाताईंना पुष्कळ प्रश्न विचारले. कधी रक्त चढवलं का? कुठली लस? कुठला आजार? सगळ्याला नाही. शेवटी त्यांनी वही मिटली, आणि आपल्या घरात आजी आजोबांच्या मागून जेवायची ती आठवण येऊन विचारलं.

“काकू, काकांचं उष्टं कधी खाल्लंय का तुम्ही?”

“रोज,” वृंदाताई म्हणाल्या.

हेरंबरावांनी मान वळवली. “रोज? ते तर तू पाटलांच्या शेळीला घालायचीस.”

“पाटलांची शेळी मरून एकोणतीस वर्षं झाली.”

“मग?”

“तुम्ही नमुना ठेवून उठायचात. मला टाकवत नव्हतं. ओट्याशी उभ्या उभ्या खायचे. पोळीचा चतकोर, दोन घास भात. कधी कधी माझं जेवण त्यातच व्हायचं.” त्यांनी ओढणीचं टोक सारखं केलं. “तुम्ही विचारलंत कधी, की त्या नमुन्याचं पुढे काय होतं?”

बत्तीस वर्षांच्या नोकरीत नमुन्याचं पुढे काय होतं हे हेरंबरावांनी दर खेपेला, तीन प्रतींत लिहून ठेवलं होतं. घरच्या नमुन्याबद्दल त्यांच्याकडे एकही कागद नव्हता.

डॉक्टरांना हवं ते मिळालं होतं. त्या खुर्चीच्या टोकाशी येऊन सांगायला लागल्या. शरीराला आत येण्याच्या दोन वाटा असतात, जखम आणि तोंड. जखमेवाटे येतो तो चोर. तोंडावाटे येतो तो पाहुणा. आतड्याच्या दारावरचे पहारेकरी वेगळ्या शिकवणीचे. रोज पोळीभाजीवर हल्ला करून कसं चालेल? तिथे जे रोज, थोडं थोडं, सवयीने येतं, त्याला ते ओळखायला शिकतात आणि तसा निरोप सगळ्या चौक्यांना देतात. कुणाच्याही उष्ट्यात त्याच्या तोंडातल्या हजारो पेशी असतात. छत्तीस वर्षं रोज दोन वेळा काका काकूंच्या दारी पाहुणे म्हणून गेले. काकू मात्र काकांकडे एकदाही गेल्या नाहीत.

“मग आता जातील,” वृंदाताई म्हणाल्या. पण हे त्या हेरंबरावांकडे न बघता म्हणाल्या.

उपचार साधा होता, म्हणूनच भयंकर होता. शंभर दिवस वृंदाताईंनी आधी जेवायचं आणि त्यांच्या ताटात उरेल ते हेरंबरावांनी खायचं. जसंच्या तसं. तापवायचं नाही, उकळायचं नाही, कारण तापवलं की पेशींची ओळखीची खूणच पुसते. तोंडातल्या पेशींच्या कॅप्सूल करता येतील का, असं हेरंबरावांनी आशेने विचारलं. करून पाहिल्या होत्या. शरीर त्यांना औषध समजतं, जेवण समजत नाही. संस्थेच्या समितीने तीन दिवसांत परवानगी दिली. बायकोच्या ताटात नवऱ्याने जेवायला हरकत घेणारं कलम त्यांना शोधूनही सापडलं नव्हतं. पन्नासाव्या दिवशी ताज्या रक्ताचा नवा उंदीर करून पाहायचं ठरलं.

पहिल्या दिवशी हेरंबराव उपाशी राहिले. वृंदाताई टेबलाशी बसल्या, ते शेजारी उभे राहिले. आपण जेवतोय आणि कुणीतरी ताटकळत उभं आहे, हा प्रकार वृंदाताईंच्या आयुष्यात नवा होता. त्यांनी घाईघाईने जेवून बोटाने ताट निपटून घेतलं. मग ताटाकडे पाहिलं.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. “उरवायला मला येतच नाही.”

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी कढीपत्त्याची चार पानं आणि एक मिरची उरली. हेरंबरावांनी ती मिरची खाल्ली आणि पाणी वरून प्यायला गेले ते नाकातून आलं. चौथ्या दिवसापासून मात्र नीट घास उरायला लागले. हेरंबराव ते उचलून स्वयंपाकघरात नेत आणि तिथे खात. समोर खायला लाज वाटते म्हणाले. वृंदाताईंना ते पटलं. त्यांनाही छत्तीस वर्षं ओट्याशीच बरं वाटलं होतं.

पन्नासाव्या दिवशी रक्त दिलं. त्यानंतर काही आठवड्यांनी दोघं वर गेले तेव्हा पठारावर सोनकी फुलली होती. तेवीस नंबरच्या पेटीत पांढरा उंदीर होता, आणि त्याच्या पाठीवर काळा ठिपका.

डॉक्टर तांबोळी गोंधळून गेल्या. त्यांनी आकडे पुन्हा पाहिले. वृंदाताई बाजूला बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. हेरंबराव पेटीत पाहत होते. तेविसाने दाणा उचलला, हुंगला, दोन्ही पंजांनी पुसला, मग स्वतःचे पंजे पुसले, आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. साक्षीदार पाहतो तसं.

“मी तापवत होतो,” हेरंबराव म्हणाले.

डॉक्टरांनी आकड्यांचा कागद खाली ठेवला.

“किती वेळ?” वृंदाताईंनी विचारलं.

“चाळीस सेकंद. ओव्हनमध्ये.”

“रोज?”

“रोज.”

वृंदाताई उठल्या. दारापाशी थांबल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, ती त्यांनी आताही लावून घेतली नाही.

“आणि किडनी?” त्या म्हणाल्या. “ती किती सेकंद तापवणार होतात?”

हेरंबराव बाहेर आले तेव्हा त्या फुलांत उभ्या होत्या. ढग इतका खाली आला होता, की फुलांपासून गुडघ्यापर्यंत वृंदाताई होत्या आणि वर धुकं होतं. हेरंबरावांनी हाक मारली. धुक्याने उत्तर दिलं, की किडनी द्यायची ती देणारच, तो शब्द आहे. पण उष्टं आता देणार नाही. उष्टं देण्याचाही काही मान असतो.

घरी पूर्वीसारखं सुरू झालं. दोन ताटं, दोन वेळा. वृंदाताई आपलं ताट निपटून घासायला टाकत. हेरंबराव जेवून उठत, तेव्हा नमुना ठेवू की नको हे त्यांना कळत नसे. ठेवला तर तो आता खरोखरच वाया जात होता. कावळ्यांना घातलेल्या त्या चतकोराकडे ते खिडकीतून पाहत. हाताची शीर निळीजांभळी झाली होती. रक्त धुणाऱ्या नर्सने चौथ्या प्रयत्नात सुई लावली आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं. थोपटण्याचा अर्थ त्यांना कळला.

त्या दुपारी यंत्राच्या घरघरीत त्यांना स्वप्न पडलं. लाल रंगाची एक नदी होती, संथ, संध्याकाळच्या कृष्णेसारखी. काठावर नाका होता. नाक्यावर खाकी टोपीतले शेकडो निरीक्षक उभे होते आणि सगळ्यांना हेरंबरावांचा चेहरा होता. समोरून वृंदा येत होती. आत्ताची नव्हे; लग्नातली, हातात पितळी डबा घेतलेली. एका निरीक्षकाने डबा उघडला. आत पोळीचा चतकोर होता. तो त्याने चिमट्याने उचलून धरला आणि ओरडून विचारलं, ही बाई कोण, कुणी ओळखतं का? सगळे हेरंबराव एकमेकांकडे बघायला लागले. इकडे खऱ्या हेरंबरावांना ओरडून सांगायचं होतं, पण त्यांच्या तोंडात लाकडाचा भुसा होता. निरीक्षकाने शिक्का उचलला. वृंदा म्हणाली, “थोडं खाऊन तर बघा.” शिक्का खाली यायला लागला. तो फार सावकाश येत होता, आणि त्याच्या सावलीत ती छत्तीस वर्षं उभी होती.

जाग आल्यावर त्यांनी नर्सला विचारलं, पिठलं कसं करतात.

संध्याकाळी वृंदाताई भाजी घेऊन आल्या तेव्हा टेबलावर एक ताट वाढलेलं होतं. एकच. पिठल्यात गाठी होत्या, भात खाली लागला होता, आणि भाकरीचा आकार महाराष्ट्राच्या नकाशाच्या जवळ जाणारा होता. नाव कोरलेलं फुलपात्र कपाटात गेलं होतं.

“बस,” हेरंबराव म्हणाले.

त्या बसल्या, बहुधा पिठल्याची दया येऊन. त्यांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. त्यांच्या बोटांना पिठलं लागलं. तिसरा घास कालवत असताना समोरून एक हात आला. निरीक्षकाचा हात, नखं कापलेला, साबणाचा वास असलेला, सुयांनी काळानिळा झालेला. तो हात त्यांच्या ताटात शिरला, त्यांनीच कालवलेला घास त्याने उचलला, आणि चोरासारखा तो हेरंबरावांच्या तोंडापाशी गेला. तिथे थांबला. वृंदाताई पाहत होत्या.

“तापवायचं राहिलं,” त्या म्हणाल्या.

“राहू दे.”

घास आत गेला. हेरंबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पिठल्यात मिरची बरीच पडली होती, त्यामुळे नक्की काही सांगता येत नाही.

शंभर दिवस पुन्हा एकपासून सुरू झाले. आता ते समोरासमोर बसत, एकाच ताटाशी. आधी वृंदाताईंचे घास, मग हेरंबरावांचे. दुसऱ्याचं ताट इतक्या जवळून पाहायची हेरंबरावांची ही पहिलीच वेळ, आणि पाहणं हा तर त्यांचा धंदाच. आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं, की ज्या दिवशी अळूचं फदफदं असतं त्या दिवशी ते जवळजवळ सगळं आपल्या वाट्याला येतं. दर गुरुवारी अळू, हा त्यांच्या घरचा नियम. नियम त्यांनीच केलेला.

“तुला अळू आवडत नाही?”

“नाही.”

“कधीपासून?”

“जन्मापासून.”

गुरुवारचं अळू बंद झालं. मग कळलं, की शेवग्याच्या शेंगा तिला इतक्या आवडतात की ताटात चोथ्याशिवाय काही राहत नाही, आणि भाकरीचा पापुद्रा ती शेवटाला ठेवते. छत्तीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते उष्ट्यावर लिहिलेलं होतं, फक्त वाचणारा आला नव्हता. काही गोष्टी ते तिला मोठ्याने वाचून दाखवत. “आज पोटात दुखत होतं का? भात तसाच आहे.” ती म्हणे, “तुम्ही निरीक्षक बरे होतात. नवरा म्हणून निरीक्षक नका होऊ.” पण हसत असे.

नव्वदाव्या दिवशी खीर होती. खीर संपल्यावर वृंदाताईंनी आतून पातेलं आणलं आणि तळाची तांबूस, खरपूस खरवड चमच्याने काढून ताटात घेतली. हेरंबरावांनी हा पदार्थ पूर्वी पाहिला नव्हता. हा त्यांच्यापर्यंत कधी आलाच नव्हता. तो ओट्याशी, एकटीने, डोळे मिटून खायचा पदार्थ होता. वृंदाताईंनी अर्धी खरवड खाल्ली. अर्धीकडे बराच वेळ पाहिलं. मग ताट त्यांच्याकडे सरकवलं.

हेरंबराव जन्मभर अन्नाला नावं देत आले होते, प्रमाणित, अप्रमाणित, असुरक्षित. याला नाव सुचेना. त्यांनी ताट चाटून पुसून स्वच्छ केलं.

शंभराव्या दिवसाच्या रक्तातून केलेल्या नव्या उंदराच्या, चोविसाच्या, पाठीवरचा ठिपका गुलाबी राहिला. पंधरा दिवस राहिला, महिनाभर राहिला, आणि मग त्यातून एक बारीक, मऊ, काळाभोर केस आला. वृंदाताईंनी तो पाहून लगेच स्वतःच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “बघा, याच्या अंगावर मी तरुण आहे.” जगदाळेबाईंनी चोवीस आणि बावीस यांच्या पेट्या एकमेकींशेजारी, काचेला काच लावून ठेवल्या होत्या. आता त्यांना कुणी झापत नव्हतं. दुपारच्या वेळी दोन्ही उंदीर मधल्या काचेशी येऊन, आपापल्या बाजूने, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून झोपत. काच मध्ये आहे हे त्यांना माहीत नव्हतं, की माहीत असून चालत होतं, हे विज्ञानाला अजून सांगता आलेलं नाही.

शस्त्रक्रिया पार पडली. किडनी नव्या घरात गेली, तिला दारात कुणी अडवलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून ती अशी कामाला लागली, जणू भांडी कुठे असतात हे तिला आधीपासूनच ठाऊक होतं.

आठव्या दिवसाची सकाळ. दोन खाटा शेजारी शेजारी. खिडकीतून घाटातला ढग आत यावं की नको असा विचार करत होता. डॉक्टर तांबोळी तपासून गेल्या होत्या. आकडे उत्तम होते, आता पथ्य संपलं, वेगवेगळं जेवलात तरी हरकत नाही म्हणाल्या होत्या. वृंदाताईंनी उपमा खाल्ला. थोडा ठेवला, कडेला, त्यातले दोन काजूही ठेवले, आणि औषधाच्या गुंगीत त्यांचा डोळा लागला.

वॉर्डातली मावशी ताटल्या गोळा करत आली. तिने उरलेला उपमा पाहिला, आणि बादलीत ओतायला ताटली उचलली.

शेजारच्या खाटेवरून अशक्त, पण सरकारी आवाज आला.

“हात लावू नका. नमुना आहे.”